काढा, फांट आणि हिरवा चहा

मराठी घरात चहा टाकला जातो, ठेवला जातो, उकळला जातो आणि शेवटी घेतला जातो. चहा ‘मुरवला’ असे मात्र कोणी म्हणत नाही. लोणचे मुरते, मोरांबा मुरतो, माणूससुद्धा एखाद्या धंद्यात मुरतो. चहा तेवढा उकळतो. अलीकडे हिरवा चहा, म्हणजे दुकानी भाषेतला ‘ग्रीन टी’, सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावीही किराण्याच्या फळीवर येऊन बसला आहे. तो घरी नेणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: कडू लागतो. या कडूपणाचे कारण पानात थोडे आणि आपल्या क्रियापदात अधिक आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्या क्रियापदाचा इतिहास थोडक्यात पाहावा आणि मग हिरव्या चहाच्या पेल्याकडे वळावे, असा विचार आहे.

प्रथम पानाविषयी. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे नव्हेत. युरोपला मात्र हे समजायला बराच काळ लागला. लिनियसने १७६२ साली चहाच्या दोन जाती मानून त्यांना दोन नावे दिली होती, एक हिरव्या चहासाठी व एक काळ्यासाठी. १८४० नंतरच्या दशकात रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतिज्ञ चीनमध्ये हिंडला, तेव्हा दोन्ही एकाच झाडाची पाने असून फरक केवळ संस्कारांचा आहे हे त्याने दाखवून दिले. पान खुडल्यावर कोमेजू द्यायचे, चुरगाळायचे आणि हवेत राहू द्यायचे. मग पानातीलच एका विकराच्या योगाने त्याचा रंग तांबूस-काळा होतो आणि चव बदलते. चिरलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते तीच ही क्रिया. हिरव्या चहात खुडलेल्या पानाला लवकरच उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात. चीनमध्ये बहुधा कढईत परतून, जपानमध्ये बहुधा वाफ देऊन. म्हणजे एकाच संहितेच्या या दोन वाचना आहेत. पहिली वाचना पानाला बदलू देते, दुसरी त्याला आहे तसे राखू पाहते. जे राखलेले असते ते नाजूक असते, आणि म्हणूनच हिरव्या चहाला आधणाचे पाणी सोसत नाही.

पानातून गुण काढून घेण्याच्या रीतींचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झालेला आहे. आयुर्वेदाने औषधी वनस्पतींच्या पाच मूलभूत कल्पना सांगितल्या: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधरसंहितेत त्यांची प्रमाणेही दिली आहेत. क्वाथ म्हणजे काढा: एक भाग द्रव्याला सोळा भाग पाणी घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. हिम म्हणजे एक भाग द्रव्य सहा भाग थंड पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळायचे. फांट म्हणजे एक भाग चूर्णावर चार भाग गरम पाणी ओतायचे, थोडे थांबायचे, गाळून घ्यायचे. कठीण मुळे-सालींना काढा, तर कोवळ्या, सुगंधी द्रव्यांना फांट किंवा हिम, असा त्यामागचा विवेक आहे. या वर्गीकरणात हिरव्या चहाची जागा शोधायला वेळ लागत नाही. तो उघडच फांट आहे. आपला रोजचा दुधाचा चहा हा काढा आहे. ‘काढा’ शब्द प्रत्येक घरात नांदतो आणि ‘फांट’ वैद्यकाच्या पुस्तकात पडून राहिला, एवढ्यात आपल्या चहाचा निम्मा इतिहास आला.

तथापि, काढा म्हणजे गावंढळ आणि फांट म्हणजे संस्कृत, अशी घाई करू नये. चहाच्या मायदेशीही आरंभी चहा उकळलाच जात असे. आठव्या शतकात लू यू याने चहावरचा पहिला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा चहाच्या वड्या कुटून उकळत्या पाण्यात घालीत आणि त्यात मीठ टाकीत. त्याच्या काळी लोक त्यात आले, पुदिना, संत्र्याची साल, कांद्याची पातसुद्धा शिजवीत. लू यूला ते मुळीच पसंत नव्हते. पुढे सोंग काळात चहाची भुकटी पाण्यात घुसळण्याची रीत आली, आणि सुटे पान गरम पाण्यात मुरवण्याची रीत रूढ झाली ती मिंग काळात. १३९१ साली मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटाने नजराण्याच्या वड्या बंद करून सुटा चहा मागवला, हा त्यातला एक टप्पा. ओकाकुरा काकुझो या जपानी कलासमीक्षकाने १९०६ च्या ‘द बुक ऑफ टी’मध्ये उकळलेला, घुसळलेला आणि मुरवलेला अशा या तीन चहांना अनुक्रमे अभिजात, स्वच्छंद आणि निसर्गवादी हे वाङ्मयीन संप्रदाय जोडून दिले आहेत. हे पुस्तक येण्याच्या चार-पाच वर्षे आधी ओकाकुरा कलकत्त्यात राहून गेला होता, ठाकूर घराण्याशी त्याचा स्नेह होता. त्याच्या रूपकाशी आम्ही पूर्ण सहमत नाही, पण त्याने एक गोष्ट नेमकी पकडली. चहा करण्याची रीत ही काळाची अभिरुची असते, आणि एक रीत दुसरीला पुसून टाकीत नाही. सोंग काळातली घुसळण्याची रीत चीनमध्ये मागे पडली आणि जपानच्या ‘माचा’त जिवंत राहिली.

आपल्या किनाऱ्यावर चहा केव्हा आला? ‘चहा इंग्रजांनी आणला’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. आसामातले मळे एकोणिसाव्या शतकातले. परंतु १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथील रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असल्याची नोंद केली आहे. त्याच शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेत राहिला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ साली निघाले आणि १६९९ मध्ये त्याने चहावर स्वतंत्र निबंधही लिहिला. त्याने सांगितलेल्या प्रकारांत ‘सिंग्लो’सारखे हिरवे चिनी चहा आहेत. येथील लोक चहात उष्ण मसाले घालून तो उकळतात, डोकेदुखीवर आणि पोटातल्या कळांवर तो गुणकारी मानतात, खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात, असे तो लिहितो. शिवाजी महाराजांच्या दुसऱ्या सुरत स्वारीला तेव्हा वीसच वर्षे झाली होती. दूध नसलेला, मसाल्याचा, उकळलेला चहा पश्चिम भारतात तेव्हाच होता, आणि तो औषध म्हणून होता. बाहेरून आलेले पान आपल्या लोकांनी आपल्याजवळच्या खान्यात ठेवले, आणि त्या खान्याचे नाव ‘काढा’ होते.

पेय म्हणून चहा मराठी समाजात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि येताना वाद घेऊन आला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे तेथे होती. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने ती नावे वृत्तपत्रात झळकली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे मित्रांखातर ते घेतले. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींत त्या घरगुती कोंडीचे चित्र आले आहे; मराठी गद्याच्या अभ्यासकाने ते प्रकरण चहासाठीही वाचावे. वाद पानाविषयी नव्हताच. पाणी कोणाचे, पेला कोणाचा, हात कोणाचा, असा तो होता. पुढे खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची जी क्रूर चाल पडली, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न होता. चहाने माणसे एकत्र बसवली हे खरे, आणि कोणाला कोठे बसवायचे हेही त्याच चहाच्या टेबलावर ठरले.

१९०३ साली चहावर निर्यात-उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदीत विदेशी गिऱ्हाईक आटले तसा तो देशात नेटाने चालला. रेल्वे स्थानके ही त्याची मुख्य व्यासपीठे. प्रचारक सांगत ती रीत फांटाची होती: किटली ऊन करा, पत्ती घाला, उकळते पाणी ओता, थांबा, गाळा, मग हवे तर दूध-साखर घाला. लोकांनी पत्ती घेतली, रीत घेतली नाही. पातेल्यात दूध, पाणी, साखर, आले आणि पत्ती एकत्र उकळली. मसाला आणि दूध वाढले की पत्ती कमी लागते, म्हणून चहा कंपन्यांना ही भर रुचत नसे. शेवटी यंत्रच लोकांच्या बाजूने उभे राहिले. १९३० साली आसामात विल्यम मॅकर्चर याने पान चिरडून, फाडून, वळून त्याचे बारीक दाणे करणारी रीत काढली, ती आपण ‘सीटीसी’ म्हणून ओळखतो. हा दाणा उकळण्यासाठीच जन्मला आहे. थोड्या पत्तीत दाट रंग देतो, दुधापुढे नमत नाही. आज ‘चहा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पान येत नाही, भुकटी येते. पूर्ण उलगडणारे, शिरा दिसणारे चहाचे पान न पाहताच मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या चहाबाज झाल्या.

विदर्भात सेवाग्रामला बसलेला या पेयाचा एक मोठा टीकाकार होता. गांधीजींनी आगाखान पॅलेसच्या कैदेत, १९४२ ते १९४४ या काळात, आरोग्यावर जी पुस्तिका लिहिली तीत चहाचा विचार आहे. गांधीजी चहाचे विरोधक, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण तेथे ते चिनी रीत सांगतात: गाळणीत थोडी पाने ठेवून वरून उकळते पाणी ओतायचे, पाण्याला हलका सोनेरी रंग आला की पाणी खरोखर उकळल्याची ती खूण. असा चहा निरुपद्रवी, असे ते म्हणतात. त्यांचा आक्षेप पाने उकळून उतरणाऱ्या टॅनिनवर आहे. मळ्यातील मजुरांच्या हालांमुळे चहाविषयीचा रोष त्या काळी देशभर होताच; तरी पेल्यापुरते पाहिले तर गांधीजींनी काढा नाकारला आणि फांटाला वाट ठेवली.

मळ्यांचा उल्लेख आला म्हणून आमच्या भागाकडे वळतो. मध्य प्रांत हा आसामच्या मळ्यांसाठी मजूर भरतीचा एक मुलूख होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ही भरती वाढवली. आरकाट्यांमार्फत गेलेल्या मध्य भारतीय आदिवासींत गोंडही होते, त्यांचे वंशज आजही आसामात आहेत. तेव्हा मध्य भारतातील वनवासी समाजाची चहाशी पहिली ओळख पिणारा म्हणून झाली नसून खुडणारा म्हणून झाली, असे म्हणण्यास जागा आहे. मळ्यातला मजूर पीत असे तो दूध नसलेला, मीठ घातलेला चहा. लू यूच्या चहातही मीठच होते. पण तेथे तो अभिरुचीचा भाग होता, आणि येथे घामातून गेलेल्या क्षाराची भरपाई.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बिनदुधाच्या चहाला ‘कोरा चहा’ म्हणतात. दूध न घालण्याला येथे गरिबीखेरीजही एक कारण होते. दक्षिण गडचिरोलीतील माडिया समाजात गाईचे दूध काढण्याची रीत पूर्वी नव्हती. दूध वासराचे, अशी त्यामागची समजूत. हा अभाव म्हणता येणार नाही, तो एक न्याय आहे. तरीही पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवताना यजमानाचा आवाज खाली येतो, ‘दूध नाही जी’ असे तो म्हणतो. तोच बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा शहरी बैठकीत चिनी मातीच्या पेल्यातून आला की त्याचे नाव संयम, आरोग्य, अभिरुची असे होते. एका ओठाला जी लाज, ती दुसऱ्या ओठाला प्रतिष्ठा. हिरव्या चहावर लिहिताना आम्हांस खरा खटकणारा मुद्दा हाच आहे.

याच परसात आणखी एक ‘हिरवा चहा’ पूर्वीपासून आहे. गवती चहा हे चहाचे झाड नव्हे, ते सुगंधी गवत. पण गुजरातीत त्याचे नावच ‘लीली चा’, म्हणजे हिरवा चहा. मराठीने ‘गवती’ विशेषण लावून भेद राखला. पाती ठेचून काढ्यात टाकतात तेव्हा सुवासाचा बराच भाग वाफेबरोबर निघून जातो. झाकण ठेवून गरम पाण्यात मुरवली तर तो पेल्यात उतरतो. हिरवा चहा करायला शिकण्याची पहिली इयत्ता म्हणून आम्ही ही पातीच सुचवू.

दुसरी इयत्ता पाण्याची. भाताच्या प्रदेशातल्या माणसाला आधण म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. हिरव्या चहाला आधण येण्याच्या आधीचे पाणी लागते. लू यूने पाण्याच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या: माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे, मग मोत्यांच्या सरीसारखे, मग उसळत्या लाटा. आपल्याला माशाच्या डोळ्यांपाशीच थांबायचे आहे, साधारण ७० ते ८० अंशांवर. बोअरचे पाणी आधी उकळून घ्यायचे असेल तर ते खुशाल उकळावे, आणि मग एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावे; प्रत्येक ओतण्याने ते बरेच निवते. बशीत ओतून चहा पिणाऱ्या समाजाला ही विद्या अवगतच आहे, फक्त ती चहा होण्यापूर्वी वापरायची. पाणी फार जड असेल तर चहाचा रंग मळकट आणि चव बोथट होते. मऊ पाणी मिळाले तर उत्तम.

प्रमाण सोपे आहे. दीडशे मिलिलिटर पाण्याला सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे अंदाजे एक लहान चमचा पान. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि पान पाण्यात विसरून न राहता सगळे गाळून घ्यायचे. चांगले पान दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही मुरते, आणि दुसरा पेला पुष्कळदा पहिल्याहून बरा निघतो. पुडीतल्या चहात बहुधा पानांचा चुरा असतो. तो चटकन उतरतो आणि चटकन कडू होतो. पुडीच वापरायची तर तिला मिनिटभरापेक्षा फार जास्त डुंबू देऊ नये.

प्रकारांचा गोंधळ वाटतो तेवढा मोठा नाही. कढईत परतलेल्या चिनी चहांत हांगचौचा लोंगजिंग चपट्या पानांचा, भाजल्या शेंगदाण्या-चेस्टनटकडे झुकणाऱ्या वासाचा. तर ‘गनपावडर’ गोळ्या वळलेला, उग्र, मोरोक्कोत पुदिना आणि भरपूर साखर घालून पितात तो. वाफवलेल्या जपानी चहांत सेंचा रोजचा. त्याला दीड मिनिटही पुरते. ग्योकुरोची झाडे खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे सावलीत झाकतात, त्यामुळे त्याला उतरती गोडी येते. त्याला ५०-६० अंशांचेच पाणी. माचा मुरवायचा नसतो, पानाची भुकटी घुसळून पानासकट प्यायचा असतो. आपल्या देशात कांगड्याच्या खोऱ्यात हिरवा चहा होतो. अमृतसरमार्गे तो पूर्वी अफगाणिस्तानकडे जाई. १९०५ च्या भूकंपाने तेथील मळ्यांची मोठी हानी केली, २००५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काश्मिरी कहव्याचा आधारही हिरवा चहाच. केशर, वेलची, बदाम हा त्याचा साज. दार्जिलिंग आणि निलगिरीतही हिरवा चहा तयार होतो. नवख्याने कांगड्याच्या किंवा निलगिरीच्या सुट्या पानापासून आरंभ करावा. खिशालाही ते बरे.

एक प्रकार मात्र धानाच्या मुलखाने आपला मानावा असा आहे. जपानी गेनमाइचा म्हणजे हिरव्या चहात मिसळलेला भाजका तांदूळ. महाग पत्तीला तांदळाची जोड देऊन तो पुरवठ्यास आणीत, म्हणून सामान्यांचा चहा अशी त्याची ख्याती. सिंदेवाहीला भाताचे संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) यांनी आपल्या धुऱ्याबांधावरच्या निरीक्षणातून एचएमटी हे वाण निवडून काढले. असा बिनपॉलिशचा तांदूळ कोरड्या तव्यावर मंद आचेवर तांबूस भाजावा, काही दाणे फुटू द्यावेत, आणि हिरव्या चहात समभाग मिसळावा. हा चहा तापट पाणीही सहन करतो, अगदी उकळीच्या जवळचे. चवीत मुरमुऱ्यांचा खमंगपणा आहे, आणि हिरव्या चहाला बुजणाऱ्या जिभेला तो लवकर आपलासा करतो.

उन्हाळ्यासाठी हिम. चंद्रपूरच्या मे महिन्यात गरम पेल्याचे नाव कोणी काढू नये. एक लिटर माठाच्या शुद्ध पाण्यात दहा ग्रॅम पान टाकून रात्रभर झाकून गार जागी ठेवावे, सकाळी गाळावे. थंड पाण्यात तुरटपणा कमी उतरतो आणि गोडी राहते. शार्ङ्गधराचे प्रमाण औषधाचे, आपले पेयाचे, तत्त्व एकच.

पान ऊन, उजेड आणि वास यांपासून जपावे, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये. आणखी एक गोष्ट गांभीर्याने. चहातील टॅनिनसदृश द्रव्ये अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात. रक्ताल्पता हा ज्या भागातील स्त्रियांचा मोठा आजार आहे तेथे चहा, हिरवा असो की काळा, जेवणाबरोबर घेऊ नये. तासभराचे अंतर ठेवावे. वेष्टनावर छापलेली वजन घटवण्याची वचने जाहिरातीच्या वाङ्मयप्रकारात जमा करावीत.

राहता राहिला तुरटपणा. आपल्या रसशास्त्राने सहा रस मानले आणि त्यांत कषायाला स्वतंत्र आसन दिले. मराठीला ‘तुरट’ हा स्वच्छ शब्द आहे. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जी गोडी घशात उमटते ती पाण्यात नसते, आवळ्यातही नसते. दोहोंच्या मध्ये असते. हिरव्या चहाचा आस्वाद नेमका या जागेचा आहे, आणि चिनी रसिक त्याला परतणारी गोडी म्हणून ओळखतात. आवळा, हिरडा, बेहडा ज्यांच्या जंगलात पिकतो, तेंदूची सत्तर सत्तर पाने मोजून ज्यांचे हात पुडे बांधतात, पानासाठी वाघाच्या रानात शिरणे हा ज्यांच्याकडे वाक्प्रचार नसून मे महिन्यातला दिनक्रम आहे, त्यांना पानाची परीक्षा नवी नाही. नवा असेल तो फक्त त्या परीक्षेला मिळणारा मान.

दुधाचा काढा सोडा, असे आम्ही सुचवीत नाही. चहा उकळण्याच्या रीतीला आपल्याकडे तीनशे वर्षांची परंपरा आहे, आणि पावसाळी दुपारी तिला पर्याय नाही. म्हणणे एवढेच की ‘फांट’ हा शब्द आणि ‘मुरणे’ हे क्रियापद चहाच्या व्यवहारात परत यावे. मग पेल्यातल्या पाण्याचा रंग हिरवट असो की तांबूस, त्यात दूध नसणे ही उणीव राहणार नाही. कागद कोरा असतो तेव्हा आपण त्याला रिकामा म्हणत नाही. चहालाही ते लागू व्हावे, आणि ‘दूध नाही जी’ म्हणणाऱ्या यजमानाने ते मान खाली न घालता म्हणावे.